खडी ब्रासमध्ये, पाणी कशात?

छत्रपती संभाजीनगरचे जुने नाव खडकी. १६१० मध्ये मलिक अंबरने इथे राजधानी वसवली तेव्हा गाव याच नावाने ओळखले जाई. नावात खडक आहे, तो उगीच नाही. उत्तरेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, दक्षिणेला सातारा-देवळाईचे डोंगर, मधल्या खोलगटात खाम आणि सुखना. कुठेही पहार मारा, दोन-चार हातांवर दगड वाजतो. या दगडाने जिल्ह्याला लेणी दिली, देवगिरी दिला, शहराला दरवाजे दिले. आता तोच दगड भरडून सिमेंटचे रस्ते, उड्डाणपूल आणि पंधरा मजली इमारती उभ्या राहत आहेत.

डोंगर खोदण्यावर आपल्याकडे बोलणे होते ते बहुधा दोनच टोकांनी. एका बाजूला ‘विकासाला खडी लागतेच’, दुसऱ्या बाजूला ‘डोंगर पोखरले’. दोन्ही खरे आहे आणि दोन्ही अपुरे आहे. हा डोंगर कशाचा बनला, त्यावर पाऊस कसा पडतो आणि पडलेले पाणी कुठे जाते, हे पाहिल्याशिवाय खदानींचा प्रश्न नीट मांडताच येत नाही. म्हणून खडक, पाऊस आणि खदान या तिघांचा एकत्र आढावा.

वर न आलेला डोंगर

हिमालय जमिनीला घड्या पडून वर आला. आपली अजिंठ्याची रांग तशी वर आलेली नाही. भोवतालचे झिजून खाली गेले आणि ती राहिली. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनोसॉरच्या अखेरच्या काळात, जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून लाव्हा बाहेर आला. ज्वालामुखी म्हटले की शंकूसारखा डोंगर डोळ्यांपुढे येतो. इथे पातळ लाव्हा पिठल्यासारखा पसरत गेला, थिजला, त्यावर दुसरा आला. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या थरांखाली आहे आणि महाराष्ट्राचा जवळजवळ चार पंचमांश भाग त्यावर वसला आहे.

थर पश्चिमेला जाड आणि पूर्व-दक्षिणेला पातळ होत जातात. सह्याद्रीत त्यांची जाडी हजार मीटरच्या वर भरते. मराठवाड्याच्या दक्षिण टोकाला किल्लारीजवळ १९९३च्या भूकंपानंतर खोल छिद्र घेतले, तेव्हा ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला आणि त्याच्या तळाशी कितीतरी जुना खडक लागला. भूशास्त्रज्ञांनी या थरांना ज्या त्या भागातली नावे दिली आहेत. त्यातल्या एका थरसमूहाचे नाव अजिंठा आहे, दुसऱ्याचे चिखली, तिसऱ्याचे बुलढाणा. ‘दख्खन ट्रॅप’ या नावातला ‘ट्रॅप’ मात्र स्वीडिश भाषेतला, अर्थ जिना. कन्नडचा औट्रम घाट उतरून चाळीसगावकडे जाताना तो जिना दिसतो: एक उभा कडा, मग झाडीची आडवी पट्टी, पुन्हा कडा. कडा म्हणजे घट्ट थर, झाडीची पट्टी म्हणजे मऊ थर. याच घाटात ऑगस्ट २०२१च्या अखेरीस अतिवृष्टीने दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता. घट्ट थराखालचा मऊ थर पाण्याने फुगला की वरचा कडा आधार सोडतो, एवढेच त्यामागचे साधे यंत्र.

खदानीची भिंत वाचताना

शहराबाहेरच्या कुठल्याही जुन्या खदानीच्या काठावर उभे राहा आणि समोरची भिंत वरून खाली वाचा. अगदी वर हातभर काळी माती. डोंगरउतारावर तीही नाही. तिच्याखाली मुरूम, म्हणजे कुजलेला दगड, टिकावाने निघणारा, बोटांत चुरणारा. त्याखाली करड्या-लालसर रंगाचा, भोकाभोकांचा थर. विहीर खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. लाव्हा थिजताना त्यातला वायू वर चढला आणि बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या, तो हा थर. मांजऱ्याखाली घट्ट काळा दगड, ज्यावर घण मारला तर ठिणगी उडते. क्रशरवाल्याला हवा असतो तो हाच. आणि कधी कधी तळाशी विटेसारखी लाल पट्टी दिसते, तो गेरू. एक प्रवाह थिजला आणि पुढचा येईपर्यंत मध्ये बराच काळ गेला, त्या काळात वरचा पृष्ठभाग कुजून माती झाला, त्याची ही खूण. गेरूच्या खाली पुन्हा मांजऱ्या, पुन्हा काळा दगड. दुसरा मजला सुरू.

मांजऱ्यातली भोके पुष्कळदा रिकामी नसतात. खडकातून फिरणाऱ्या गरम पाण्याने त्यात पांढरे, हिरवट, मोतिया रंगाचे स्फटिक भरले. स्टिल्बाइट, ह्यूलॅंडाइट, अपोफिलाइट ही त्यांची शास्त्रीय नावे. खदानीवरचा माणूस सगळ्यांना मिळून गारगोटी म्हणतो. महाराष्ट्रातल्या खदानी आणि विहिरींतून निघालेल्या या गारगोट्या जगभरच्या संग्रहालयांत आहेत, आणि सिन्नरला तर त्यांचेच ‘गारगोटी’ नावाचे संग्रहालय उभे आहे. ज्या सुरुंगाने ट्रकभर खडी निघते, त्याच सुरुंगाने कधी खडीहून कितीतरी महाग असा एक गुच्छ फुटून वाया जातो.

संभाजीनगर-दौलताबाद-वेरूळ पट्ट्यात आणखी एक गुंता आहे. इथले बरेचसे प्रवाह सलग चादरीसारखे नाहीत. हवाई बेटांवर ज्याला पाहोएहोए म्हणतात तसा लाव्हा लहान-मोठ्या जिभांनी पुढे सरकला, फुगला आणि एकावर एक ढीग लागत गेले. त्यामुळे घट्ट दगड आणि मांजऱ्या यांची वाटणी दर शे-दोनशे पावलांवर बदलते. एका बांधावरच्या विहिरीला पाणी आणि पलीकडच्या बांधावर दीडशे फुटांनंतरही नुसती धूळ, हा अनुभव इथल्या प्रत्येक गावाला आहे. पाणाड्याचे चुकते ते बहुधा याच गुंत्यामुळे.

लेणी खोदणाऱ्यांना हा गुंता कळत होता. वेरूळचे कैलास लेणे घट्ट थरात वरून खाली खोदत नेले. गौताळ्याच्या जंगलातल्या पितळखोऱ्याला मात्र खडकाने साथ दिली नाही. तिथले दर्शनी भाग ठिसूळ थरांमुळे ढासळले.

इथे सोने का नाही

डोंगरातली खाण म्हटले की बाहेरच्या जगात धातू डोळ्यांपुढे येतो. पेरू देशात अँडीज पर्वतावर ला रिंकोनाडा हे गाव ५,१०० मीटर उंचीवर सोन्यासाठी वसले आहे. तिथे समुद्राचा तळ खंडाखाली घुसतो, खाली खडक वितळतो आणि गरम पाण्याबरोबर धातू वर येऊन भेगांत साचतात. दख्खनच्या लाव्ह्याला अशी सवडच मिळाली नाही. तो भरभर आला, भरभर पसरला, थिजला. आपल्या काळ्या दगडात लोह दहा टक्क्यांच्या आसपास असते, पण ते इतर खनिजांत असे अडकलेले की काढणे परवडत नाही. म्हणून राज्याला लोखंड, मॅंगनीज, कोळसा यांच्यासाठी विदर्भात जावे लागते; तिथे लाव्ह्याहून जुने खडक उघडे आहेत.

एक अपवाद मात्र याच बेसाल्टचा आहे, आणि तो पावसाने घडवला. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी-शाहूवाडीकडच्या उंच सड्यांवर बॉक्साइट सापडते. तिथल्या धो धो पावसाने लाखो वर्षे बेसाल्ट धुऊन काढला. सिलिका वाहून गेली, ॲल्युमिनियम आणि लोह मागे राहिले. जांभा आणि बॉक्साइट ही त्या धुलाईची शिल्लक. सह्याद्रीच्या या बाजूला तेवढे पाणी पडलेच नाही. त्यामुळे तोच खडक कुजून इथे काळी कापसाची माती झाली. तिकडे जास्त पावसाने खाण दिली, इकडे कमी पावसाने शेत दिले. खडक एक, पाऊस वेगळा, म्हणून नशीब वेगळे.

डोंगरावरचा पाऊस

घाटमाथ्यावर इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो. तेच ढग पूर्वेला येईपर्यंत रिकामे होतात. मराठवाड्याची सरासरी पावणेसातशे मिलिमीटरच्या आसपास, संभाजीनगर शहराची सातशेच्या. हा पाऊस साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांत उरकतो. जून-जुलै अनेकदा हुलकावणी देतात आणि सप्टेंबरात बंगालच्या उपसागरातून आलेला पाऊस हंगाम सावरतो. मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो.

जिल्ह्याच्या आतही सगळीकडे सारखे नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवर आहे, खुलताबादजवळचे म्हैसमाळ १,०६७ मीटरवर. दर हजार मीटरला साडेसहा अंश हा हवेचा साधा हिशेब धरला, तर म्हैसमाळ शहरापेक्षा तीनेक अंशांनी थंड असायला हवे, आणि संध्याकाळी वर गेलेल्याला ते अंगावर कळते. डोंगराला अडून ढग थोडे जास्त बरसतात. उलट पश्चिमेला वैजापूर-गंगापूरची सपाटी कायम तहानलेली. म्हणजे जिल्ह्याचा बरा पाऊस डोंगरमाथ्यावर पडतो आणि तिथूनच नद्या निघतात. शिवना आणि पूर्णा कन्नडच्या डोंगरांतून, खाम जटवाड्याच्या डोंगरातून, या सगळ्या गोदावरीकडे. अजिंठ्याची वाघूर उत्तरेला, तापीकडे. रांगेचा कणा म्हणजे दोन खोऱ्यांमधला बांध आहे.

मलिक अंबरला हे ठाऊक होते. त्याने हर्सूलच्या बाजूच्या डोंगरपायथ्याचे झरे जमिनीखालच्या नहरीत घेतले आणि निव्वळ उताराने शहरात आणले. ना मोट, ना रहाट. पाणचक्कीही अशाच डोंगराकडून आणलेल्या पाण्यावर फिरली. आज शहराचे पाणी पैठणच्या नाथसागरातून येते. धरण भरले की पातळी १,५२२ फूट, म्हणजे सुमारे ४६४ मीटर. शहर त्याहून शंभर मीटर उंच. चारशे वर्षांपूर्वी जे पाणी डोंगरावरून आपण होऊन उतरत होते, त्याच्या जागी आपण नदीचे पाणी विजेने वर ढकलतो आहोत.

टाकीपासून हायवापर्यंत

दगड काढणे इथे नवे नाही. देवगिरीच्या टेकडीचे कडे माणसाने तासलेले आहेत. कैलास लेण्यासाठी सुमारे दोन लाख टन दगड काढला गेला असा अंदाज नेहमी दिला जातो. ते काम आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातले, सगळे टाकी-हातोडीने. आता ताशी शंभर टनांचा एक क्रशर घ्या. रोज आठ तास चालला तर दोन लाख टन भरडायला त्याला २५० दिवस लागतात. दुसऱ्या बाजूने पाहा: एक हेक्टरची खदान दहा मीटर खोल गेली की एक लाख घनमीटर दगड निघतो, वजन पावणेतीन लाख टनांच्या वर. कैलासाहून जास्त.

मधल्या काळात आणखी एक खडी होऊन गेली. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातली घरेच्या घरे रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडत होती. हातात हातोडी, बोटांना चिंध्या, दुपारी सुकडी. त्या पिढीतली म्हातारी माणसे अजून वर्ष सांगत नाहीत, ‘आम्ही खडी फोडायला होतो तेव्हा’ असे म्हणतात. आभाळाने पाठ फिरवली तेव्हा दगडाने जगवले. मराठवाड्याच्या स्मृतीत खडी आणि पाऊस यांचे नाते तेव्हापासूनचे आहे.

हातोडीची जागा आता सुरुंग, पोकलेन आणि हायवाने घेतली. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मागणीला धरबंध राहिलेला नाही. शेंद्रा-बिडकीनची औद्योगिक वसाहत आली. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला. त्याच्या भरावाला मुरूम, पायाला खडी. नदीतल्या वाळूवर निर्बंध आले तशी दगड दळून वाळू करण्याकडे ओढ वाढली आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने कृत्रिम वाळूचे धोरणच आणले. नदी वाचावी हा हेतू रास्त आहे. पण नदीवरचे ओझे डोंगरावर येणार, हे त्यासोबत मान्य करायला हवे.

कायद्याच्या भाषेत हा सगळा दगड आणि मुरूम ‘गौण खनिज’. केंद्राच्या १९५७च्या कायद्याने त्याचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. लहान खाणींनाही पर्यावरण परवानगी लागेल असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दीपक कुमार खटल्यात बजावले, आणि राज्याचे सध्याचे गौण खनिज नियम २०१३ चे आहेत. शंभर घनफुटांचा एक ब्रास, ब्रासमागे स्वामित्वधन, गाडीमागे पास. चोरी पकडली तर दंडाची मोजणीही ब्रासमध्येच. महसुलाच्या बाजूने पाहिले तर यंत्रणा पुरती उभी आहे.

एका हेक्टरचा हिशेब

आता दुसरा हिशेब मांडू. देशात भूजलाचा अंदाज काढताना कोणत्या खडकात पावसाचे किती टक्के पाणी मुरते याची प्रमाणे धरली जातात. १९९७च्या भूजल अंदाज समितीच्या पद्धतीत कुजलेल्या बेसाल्टला सात टक्के, भोकांच्या आणि भेगांच्या बेसाल्टला तेरा टक्के, भेगा नसलेल्या घट्ट खडकाला एक टक्का धरले आहे. पाऊस सातशे मिलिमीटर धरला तर एका हेक्टरवर सत्तर लाख लिटर पाणी पडते. वर मुरूम शाबूत असेल तर त्यातले सुमारे ४ लाख ९० हजार लिटर मुरते. दहा हजार लिटरचा टँकर धरा: ४९ टँकर. भेगाळ मांजऱ्या उघडा असेल तर ९१ टँकर. आणि मुरूम भरावाला गेला, मांजऱ्या खरवडून टाकला, खाली काळा दगड उघडा पडला, की उरतात सात टँकर.

हे टँकर एकदाच मिळणारे नाहीत, दर पावसाळ्याला मिळणारे आहेत. खडी एकदा निघते. मुरूम आणि मांजऱ्या हे या डोंगराचे जिवंत कातडे आहे, आणि खदानीच्या भाषेत त्याला फक्त ‘वरचा कचरा’ म्हणतात.

न्यायाने बोलायचे तर दुसरी बाजूही सांगायला हवी. क्रशरला हवा असलेला काळा दगड पाणी धरत नाही. नुसता तोच काढला तर भूजलाचे मोठे नुकसान होत नाही. गारगोट्यांनी भोके गच्च भरलेला ताजा मांजऱ्याही फारसे पाणी देत नाही. कुजून मोकळा झालेला देतो. सपाटीवर, आधीच उघड्या पडलेल्या घट्ट थरात खदान खोल नेणे आणि डोंगरउतारावरचा मुरूम दहा ठिकाणी ओरबाडणे, या दोन गोष्टी पाण्याच्या हिशेबात सारख्या नाहीत. पासावर मात्र दोन्हींची किंमत ब्रासमध्येच लिहिली जाते.

दमट हवेच्या देशात ही चूक कदाचित खपून जाईल. सातशे मिलिमीटरच्या, त्यातही लहरी पावसाच्या प्रदेशात ती खपत नाही. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे मराठवाड्याने पाहिले आहे. भूजल कायद्याने साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर नियंत्रण आणले, म्हणजे पाणी उपसण्याला मर्यादा मान्य झाली. पाणी जिथे मुरते तो डोंगर खरवडण्याला तशीच मर्यादा लागते.

रिकाम्या खदानी

जिल्ह्यात जुन्या खदानींचे खड्डे जागोजागी आहेत. पावसाळ्यात भरतात, काहींत उन्हाळ्यापर्यंत निळेशार पाणी राहते. तळ घट्ट दगडाचा, म्हणून गळत नाही. कठडा नसल्याने पोहायला गेलेली मुले बुडतात, कचऱ्याच्या गाड्या तिथेच रिकाम्या होतात. तोच खड्डा कुंपण घालून, गाळ काढून, भोवतालच्या ओढ्याशी जोडला तर गावाच्या जनावरांचा आणि टँकरचा आधार होतो. त्यासाठी नवे तंत्र नको. खदान बंद करण्याच्या आराखड्यात दोन ओळी हव्यात आणि त्या पाळल्या गेल्या की नाही ते पाहणारा माणूस हवा.

एवढ्या आढाव्यानंतर माझे म्हणणे थोडक्यात असे. खडी लागणार आहे आणि ती याच दगडातून येणार आहे, त्यावर वाद नको. वाद जागेचा आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे पाणलोटांचे नकाशे आहेत. महसूल विभागाकडे खदानींचे. परवाना देण्याआधी हे दोन कागद एकावर एक ठेवावेत. नद्यांच्या उगमाकडचे उतार आणि माथ्यावरचा मुरूम यांना हात लावू नये. खदान द्यायची ती खालच्या घट्ट थरात, मोजक्या ठिकाणी, खोल. प्रत्येक खदानीजवळच्या दोन विहिरींची पातळी काम सुरू होण्याआधी आणि नंतर दर पावसाळ्याला लिहावी, आणि ती नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी.

ग्रामसभेत खदानीचा ठराव येईल तेव्हा वाचकांनी एवढा एकच प्रश्न विचारावा: किती ब्रास निघणार ते लिहिले आहे, दरवर्षी किती टँकर जाणार ते कुठे लिहिले आहे?